कापलेली सात मिनिटं

प्रिय चिमणे,

तू आता महाविद्यालयाच्या ऑनलाइन शिक्षण विभागाची संचालक आहेस. तुझ्या दारावर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर तुझ्या नावापेक्षा तुझं पद लांब आहे. तरीही ‘माननीय महोदया’ असं लिहायला माझा हात उचलेना. तिसऱ्या बाकावर बसून अख्ख्या वर्गाच्या आधी चिवचिवणारी मुलगी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, त्याला तुझी पाटी काय करणार? तूही मला पाठीमागे ‘शास्त्रीबुवा’ म्हणायचीस, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हा आपली फिट्टंफाट. हे सगळं ईमेलने कळवता आलं असतं. पण तुमच्या विभागाच्या ईमेलला आधी एक यंत्र उत्तर देतं, आणि गेल्या काही दिवसांत मी त्या यंत्राशी इतका पत्रव्यवहार केला आहे की आमच्यात आता एक प्रकारचं शेजारधर्माचं नातं तयार झालं आहे. म्हणून हा कागद. पाकिटात कागदासोबत आणखीही एक वस्तू आहे. ती आत्ताच काढू नकोस. पत्र वाचून झाल्यावर काढ.

काल सकाळी कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर पहिल्या वर्षाची चार मुलं होती. एकाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून कोणीतरी किरट्या आवाजात, मागे कुत्रं लागल्यासारखं, भरभर बोलत होतं. मला आधी जाहिरात वाटली. मग त्या आवाजाने ‘बाळांनो, बरगडी म्हणजे काही नुसतं हाड नव्हे’ असं म्हटलं आणि मी कप खाली ठेवला. तो मी होतो. दुप्पट वेगाने. बावीस वर्षं ज्या वाक्यानंतर मी थांबत आलो, वर्गाकडे बघत आलो, त्या वाक्यानंतरचा श्वाससुद्धा त्या फोनने गिळून टाकला होता. एक जण म्हणाला, ‘दीडवर ठेव ना, कळत नाहीये.’ दुसरा म्हणाला, ‘कळायचंय कशाला? संपव. दीडवर तर ते फारच रेंगाळतात.’ मग त्यातल्या एकाने माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, ‘काका, ही खुर्ची घेऊ का?’ मी म्हटलं, घे बाबा. शवविच्छेदनाच्या वेळी माझ्या तोंडावर मास्क असतो, आणि फोनवर माझा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याने तरी कसं ओळखावं? पण मी चहा तसाच टाकून उठलो तो अपमानामुळे नव्हे. ते सतरावं व्याख्यान होतं. छातीची भिंत. आणि अजून ते मुलांना दाखवलं जात होतं. इतकं सगळं होऊनही, अजून.

गुरुवारी अकरा वाजता त्या इंटर्न मुलीची सुनावणी आहे, हे मी तुला सांगायला नको. तिला काढून टाकायचं की ठेवायचं, ते त्या दिवशी ठरेल. तू त्या खोलीत असशील. मीही असणार आहे, जरी मला कोणी बोलावलेलं नसलं तरी. त्याआधी तुला काही गोष्टी सांगायच्या आहेत. काही तुला ठाऊक आहेत, काही ठाऊक असूनही तू विसरलीस, आणि एक तर मी तुझ्यापासून अठरा वर्षं लपवली आहे.

पाच वर्षांपूर्वी तूच माझ्या खोलीत आली होतीस, नव्या पदाचा नवा कोट घालून. म्हणालीस, ‘सर, दरवर्षी तेच ते बोलून घसा कशाला फोडताय? एकदा रेकॉर्ड करू. तुमचं शिकवणं कायमचं राहील.’ कायमचं हा शब्द फार लबाड आहे, चिमणे. पन्नाशीच्या माणसाला तो ऐकवू नये. मी वरवर कुरकुर केली आणि आतून फुललो. मग एका बंद खोलीत मला बसवून कोणीतरी माझ्या टकलाला पावडर लावली, दिव्यात चमकतं म्हणून. ‘सर, जरा हसतमुखाने,’ असं कॅमेरेवाला सांगत होता. विषय फुप्फुसातला पू. मी हसलो. आज ती चित्रफीत पाहताना स्वतःच्या त्या हसण्याची मला जितकी शिसारी येते तितकी बावीस वर्षांत कुठल्या प्रेताची आली नाही. पुढच्याच वर्षी मोठा व्याख्यानकक्ष बंद झाला. आता तिथे जुने पलंग आणि तुटक्या सलाइन-स्टँडांचा ढीग आहे. फळा अजून भिंतीवर आहे. त्याच्यावर कोणीतरी खिळा ठोकून झाडू टांगला आहे.

आता मुद्द्याकडे येतो. माझ्या वडिलांनी मला संस्कृत शिकवलं ते मी वैद्यकाला जाणार म्हणून नव्हे, तर माझ्या जिभेला वळण नव्हतं म्हणून. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट पुरती उचलली. शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडतात. म्हणजे विरुद्ध बाजूचं, चुकीचं म्हणणं, जणू ते आपलंच आहे अशा थाटात, कसलीही कसर न ठेवता. ऐकणाऱ्याला ते पटू लागलं की मग उत्तरपक्ष येतो आणि त्याचा एकेक सांधा निखळवतो. नुसतं खरं सांगितलं तर ते कानात राहतं. खोटं पकडायला लावलं तर खरं हाडात मुरतं. म्हणून माझ्या प्रत्येक तासात एक चोर असायचा. मी मुद्दाम एक चूक करायचो, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, आणि शेवटची काही मिनिटं हातातला खडू वर धरून विचारायचो: आज चोर कुठे होता? जो पकडेल त्याने फळ्यावर येऊन, माझं वाक्य खोडून, खरं लिहायचं. आणि तो खडू त्याचा.

तुझ्या कंपासपेटीत असे अकरा खडू होते. वर्ग संपल्यावर तू ते मोजून दाखवायचीस, शेजारच्या मुलींचा जीव जाळायला. त्यांतला सातवा खडू तुझ्या कायम लक्षात राहिला असेल. मी उजव्या फुप्फुसाचे दोन भाग आणि डाव्याचे तीन सांगितले होते आणि तू जागेवरूनच ओरडलीस, ‘सर, उलटं! उजव्याचे तीन!’ मी शाबासकी दिली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. चिमणे, तो चोर मी पेरलेलाच नव्हता. ती माझी खरीखुरी चूक होती, बोलण्याच्या भरात झालेली. पण तुझा तो विजयी चेहरा पाहिला आणि ‘हो, तोच आजचा चोर’ असं म्हणून मी मोकळा झालो. घंटा झाली. पेरलेला चोर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वसतिगृहाच्या जेवणघराच्या दारात उभा राहिलो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, काल मी अमुक म्हणालो ते खोटं, तमुक खरं. तुम्हाला वाटलं शास्त्रीबुवांचं डोकं फिरलं. तूच म्हणाली होतीस, ‘सर, पोहोचपावतीवर सह्या पण घ्या.’ पण माझा नियम होता: चोर दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळा राहता कामा नये. स्वतःची चूक मात्र मी त्या दिवशी चोराच्या पोशाखात सजवून लपवली. एवढं कबूल करायला मला अठरा वर्षं लागली.

सतराव्या व्याख्यानात चोर कुठे होता ते तुला सांगायला हवं का? तू बरीच वर्षं फायलींच्या जगात आहेस, म्हणून सांगतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात, जणू पन्हळीखालून गेलेली वायर. म्हणून छातीतलं पाणी काढायला सुई घालायची ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला टेकून. वरच्या बरगडीच्या पोटाखालून कधीच नाही. मी रचना बरोबर सांगितली आणि दहा मिनिटांनी अगदी गंभीरपणे म्हणालो, ‘तेव्हा बाळांनो, सुई बरगडीच्या खालच्या कडेला लागून घाला.’ रिकाम्या खोलीत चोर कोण पकडणार, म्हणून मी हट्ट धरून सहा विद्यार्थी समोर बसवून घेतले होते. आठवतं ना, तूच कुठून तरी वळून आणले होतेस? त्यातल्या एका लाजऱ्या मुलाने शेवटी हात वर केला. मी त्याला फळ्याशी बोलावलं. त्याने खोडलं, नीट आकृती काढली, बाकीच्यांनी त्याला पिडलं, हसणं-खिदळणं झालं, मी तीन वेळा खरं वाक्य वदवून घेतलं. सात मिनिटं. माझ्या मते त्या अख्ख्या व्याख्यानातली तेवढीच शिकवण्याची मिनिटं होती.

आता एकोणीस दिवसांपूर्वीची दुपार. वॉर्डात एक शिंपी, साठीचा, छातीत पाणी झालेला. वरिष्ठ निवासी डॉक्टरला दुसरीकडे धावावं लागलं. त्याने जाता जाता इंटर्नला विचारलं, ‘पाणी काढशील ना? उजळणी पूर्ण आहे? हिरवी खूण आलीय? मग कर, मी आलोच.’ ही हिरवी खूण तुमच्या विभागाचं अपत्य. इंटर्न झाल्याबरोबर जुनी ठरावीक व्याख्यानं पुन्हा ऐकायची, प्रश्न सोडवायचे, नावापुढे हिरवी खूण उमटली की त्या कामाची परवानगी. पूर्वी आम्ही विचारायचो, कितीदा पाहिलंयस, कोणाच्या हाताखाली केलंयस. आता विचारतात खूण आली का. तिने दोनदा हे काम लोकांच्या खांद्यांमागून पाहिलं होतं. तिने सुई घातली. बरगडीच्या खालच्या कडेला लागून. अर्ध्या तासात शिंप्याचा रक्तदाब घसरला, छातीत रक्त साचलं, शल्यविभागाने छाती उघडून धमनी बांधली. वाचला. वाचला म्हणून मी हे पत्र लिहू शकतो.

मी त्याला भेटायला गेलो. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. वाटलं, कोणी मोठे डॉक्टर असतील. म्हणाला, ‘त्या पोरीला ओरडू नका हो. हात हलका आहे तिचा. रक्त आलं तशी धावली, माझा हात धरून बसली, पळाली नाही.’ मग जरा थांबून, टाक्यांवर तळवा दाबत म्हणाला, ‘आमच्याकडे कापड वाकडं कापलं गेलं ना, तर कापणाऱ्याला मी कधी बोलत नाही. आधी विचारतो, माप कुणी दिलं?’ मी त्याच्या पांघरुणाची घडी नीट करत राहिलो. माझ्या वडिलांनीही मला कधी इतकं नेमकं झापलं नव्हतं.

कारण तोवर मला समजलं होतं. इंटर्नला विचारलं गेलं, हे असलं कुठे शिकलीस? ती म्हणाली, सरांच्या व्याख्यानात. वॉर्डात हसले. मलाही ते कळलं आणि मी भडकलो. बावीस वर्षं हेच पाठ करून घेतोय आणि ही माझं नाव घेते? तिला खोलीत बोलावलं. म्हटलं, चल, दाखवतो तुला तुझ्या सरांनी काय सांगितलंय. लावली फीत. अडतिसाव्या मिनिटाला पडद्यावरचा मी म्हणालो, ‘सुई बरगडीच्या खालच्या कडेला लागून घाला.’ मी बोट वर करून तिला म्हटलं, थांब, आता बघ. आणि संगीत वाजलं, चिमणे. बासरीसारखं काहीतरी. मग तुमच्या विभागाचं चिन्ह गरगर फिरत आलं आणि त्याखाली ‘अभिनंदन, आपण हे व्याख्यान पूर्ण केले आहे.’ मी पुन्हा लावली. पुन्हा बासरी. ती पोर माझ्या शेजारी उभी होती. ‘पाहिलंत ना?’ एवढं जरी म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं.

यापुढचं आणखी ओंगळ आहे. व्याख्यानानंतर दहा प्रश्न येतात ना, ते तुमच्या कंत्राटी माणसांनी फीत ऐकून तयार केले. त्यांना बरगडी म्हणजे काय ते कशाला माहीत असेल? सरांनी सांगितलं ते बरोबर. नववा प्रश्न, ‘सुई कुठे घालावी?’ या मुलीने अकरा आठवड्यांपूर्वी त्याचं उत्तर दिलं: खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला. बरोबर. पडद्यावर लाल फुली. तिने पुस्तक काढून पाहिलं, पुन्हा तेच उत्तर दिलं. लाल फुली. दहापैकी दहा झाल्याशिवाय हिरवी खूण नाही, खूण नाही तर ड्यूटी नाही. चौथ्या खेपेला तिने माझं उत्तर निवडलं. हिरवं झालं. मी तिला विचारलं, तुला पुस्तकातलं माहीत होतं, मग त्या दिवशी हात तिकडे का गेला? म्हणाली, ‘सर, मला वाटलं पुस्तक जुनं असेल. तुम्ही चुकीचं कशाला सांगाल?’

आणि चौथ्या खेपेच्या आधी तिने आणखी एक गोष्ट केली होती. पानाच्या तळाशी ‘शिक्षकांना प्रश्न विचारा’ अशी एक खिडकी आहे, मला माहीतच नव्हती. म्हणजे माहीत होती. तू पाच वर्षांपूर्वी दाखवली होतीस, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला होतास, आणि ती चिठ्ठी मी खणात टाकली होती. दोन आठवड्यांपूर्वी शोधून काढली. खिडकी उघडली. आत माझ्या नावे तीनशे बारा प्रश्न पडले होते. एकही उघडलेला नाही. प्रत्येकाला यंत्राने उत्तर दिलं होतं, ‘आपल्या प्रश्नाबद्दल आभारी आहोत.’ त्यांत तिचा होता: ‘सर, अडतिसाव्या मिनिटाला खालची कडा म्हणालात. धमनी तिथेच असते असं आधी तुम्हीच सांगितलंत. मग सुई वरच्या कडेला हवी ना? मला कळत नाहीये का?’ तिने चोर पकडला होता, चिमणे. तुझ्यासारखाच, तिसऱ्या बाकावरून. आणि वर्गात तिचं ऐकायला एक माणूस नव्हता.

त्या तीनशे बारांतले सत्तेचाळीस प्रश्न असेच आहेत. ‘सर, हे उलट ना?’ मग मी बसलो आणि स्वतःची चाळीसच्या चाळीस व्याख्यानं पाहिली, एकपट वेगाने, सात दिवस. जगात याहून किळसवाणं काम असेल तर ते माझ्या वाट्याला आलेलं नाही. तो पावडर लावलेला, स्वतःच्या विनोदावर स्वतःच पोट धरणारा माणूस मला सहन होईना. चाळीस व्याख्यानांत अडतीस चोर मोकळे आहेत. दोन ठिकाणी विद्यार्थ्याने मध्येच टोकलं म्हणून ते वाचले. पाच वर्षं, पाच तुकड्या. मी लगेच तुमच्या विभागाला लिहिलं की चाळीसही व्याख्यानं आज काढून घ्या. यंत्राच्या मागे एक माणूस निघाला. त्याने कळवलं की सत्र चालू असताना सामग्रीत बदल करण्याची तरतूद नाही, शिवाय या मालिकेला विद्यार्थ्यांचे सरासरी चार पूर्णांक सात तारे आहेत. तारे! माणसाच्या छातीत रक्त साचतंय आणि हे आकाशाकडे बघताहेत.

सात मिनिटं कापली कोणी, हेही शोधलं. तुझ्या कार्यालयातल्या बाईंनी मंजुरीचे तक्ते काढून दिले. त्यांना रागावू नकोस, मी शास्त्रीबुवा असल्याचा पुरेपूर फायदा घेतला. कुठलंही व्याख्यान चाळीस मिनिटांपेक्षा मोठं नको, असा नियम होता. सतराव्या ओळीत ‘वगळलेला भाग’ या रकान्यात कोणा मुलाच्या अक्षरात लिहिलंय, ‘शेवटची सात मिनिटे, विद्यार्थ्यांच्या गप्पा.’ पुढे ‘पाहिले व मान्य’ असा रकाना. त्यात दोन सह्या आहेत. एक तुझी. तुझ्या शेजारी माझी. मी एकही फीत पाहिली नव्हती. स्वतःचं टक्कल पाहायची लाज वाटली म्हणून एका दुपारी चहा पिता पिता चाळीस सह्या ठोकल्या. तेव्हा तूही पाहिली नसणार. पाहिली असतीस तर बासरी वाजायच्या आत ओरडली असतीस, ‘सर, चोर राहिला!’ ज्या मुलीकडे अकरा खडू आहेत तिने हे जाणूनबुजून कापलं, असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

म्हणूनच परवा मी चौकशीचा अहवाल वाचला तेव्हा जास्त हादरलो. चार पानं. सुटसुटीत, तुझ्या हातची भाषा मला कळते. तुला वाक्य छोटं करायला मीच शिकवलं. ‘शिक्षणसामग्री ज्येष्ठ अध्यापकांनी तपासून प्रमाणित केलेली असून तीत दोष आढळत नाही. प्रशिक्षणार्थीने मूलभूत ज्ञानाकडे दुर्लक्ष केले.’ सतराव्या व्याख्यानाचा उल्लेख नाही. लाल फुल्यांचा नाही. तिच्या प्रश्नाचा नाही. बाईंनी मला सांगितलं की अहवाल लिहायला बसण्याआधी तू दार लावून ती फीत पाहिलीस, दोनदा. म्हणजे तुला कळलं होतं. चिमणे, मी रागाने लिहीत नाही. तू स्वतःला वाचवायला हे लिहिलंस असं मला वाटत नाही, वाटलं असतं तर सोपं झालं असतं. तू मला वाचवलंस. सरांची बावीस वर्षं, सरांचं नाव. एका पोरीचं पुढचं आयुष्य देऊन तू मला गुरुदक्षिणा दिलीस, आणि ती हातात घेताना मला स्वतःची आणि थोडी तुझीही घाण वाटली. मी एकदा खरी चूक चोराच्या पोशाखात लपवली तेव्हा तू समोर होतीस. हे तू माझ्याकडूनच शिकलीस की काय, असा विचार मनात येतो आणि मला बसवत नाही.

तेव्हा आता ज्यासाठी कागद काढला ते. गुरुवारी मी उभा राहून सांगणार आहे की माप मी दिलं. दिलेलं माप न तपासता सही केली, आणि पोरीने विचारलं तेव्हा अकरा आठवडे उत्तर दिलं नाही. तुझं नाव मी घेणार नाही. तक्त्यावर ते आहे, आणि तू काय करायचं ते तुझं तू ठरव. पण नुसत्या माझ्या बोलण्याने भागणार नाही. म्हणतील, म्हातारा मुलीवर दया दाखवतोय. त्यांना ती कापलेली सात मिनिटं दाखवायला हवीत, त्या लाजऱ्या मुलाने फळ्यावर खरं लिहिलेली. आणि बाकीच्या सदतीस व्याख्यानांची शेपटंही, म्हणजे त्याच दिवशी ती सगळी मागे घ्यावी लागतील. न कापलेल्या मूळ फिती तुझ्या कपाटात आहेत, किल्ली तुझ्याकडे आहे. गुरुवारी त्या घेऊन ये. आता पाकिटातली वस्तू काढ. खडूचा तुकडा आहे, झाडू टांगलेल्या त्या फळ्याच्या खाचेत मिळाला. तो तुझ्यासाठी नाही, तुझ्याकडे अकरा आहेत. अकरा वाजता ती मुलगी खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली असेल. आत येण्याआधी तो तिच्या हातात दे, आणि तिला सांग की तिचं उत्तर बरोबर होतं.

तुझाच, सातवा खडू लबाडीने देणारा,
शास्त्रीबुवा